मोलगी म्हणजे मोलगी नाही

काजलचा निरोप आला तेव्हा ममता शेताच्या बांधावर बसून पपईला रद्दीचा कागद गुंडाळत होती. व्यापाऱ्याचा ट्रक येऊन उभा होता, बाया भराभर फळं आणून ओतत होत्या, आणि ममताचे हात कागदात असले तरी कान कमरेला खोचलेल्या फोनकडे होते. फोन टिणकला तशी ती उठून बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि पदराआड फोन कानाला लावला.

"माय, मी बरी शे. परवा आम्ही मोलगीले जाई ऱ्हायनूत. बाया शेत, धाकला पोरे शेत, चार गाड्या शेत. प्रकाशानी वाट बंद पडी गयी. मोलगीथून खापर. खापरले पोहचनूत का तुले सांगस. तू जेवी ले."

पोरीचा आवाज बसलेला होता, पण भीती त्यात नव्हती. ममताने निरोप परत ऐकला, मग आणखी एकदा. मोलगीची वाट म्हणजे उंचावरची वाट, त्यातल्या त्यात बरी. असं तिचं तिनेच ठरवून टाकलं.

आता कोणी म्हणेल, मोलगीला जायचं त्यात एवढं काय? सातपुडा चढून गेलं की मोलगी. बाजाराच्या दिवशी जीपच्या टपावरसुद्धा माणसं बसून जातात आणि संध्याकाळी परत येतात. पण ही मोलगी ती मोलगी नव्हती. काजल त्या घडीला समुद्रापलीकडच्या एका देशात होती. तिथे दोन सेनापतींच्या भांडणात गावंच्या गावं उठून चालायला लागली होती. त्या देशाचं नाव इथे सांगत नाही. ममताला ते घराबाहेर उच्चारायची बंदी होती, मग आपण तरी कशाला उच्चारायचं?

काजल नर्स. आधी खऱ्या मोलगीच्या दवाखान्यात होती. तेव्हाही घाटातली जीप परतेपर्यंत ममता आपल्या गावच्या, प्रकाशाच्या, स्टँडवर उगाच भाजी निवडल्यासारखं करत उभी राहायची. मग काजल 'सोबत' नावाच्या संस्थेत गेली. लढाईतून पळालेल्या माणसांना सुखरूप जागी पोचवायचं, त्यांचं दवापाणी करायचं, हे या संस्थेचं काम. निघायच्या आदल्या दिवशी जेवताना तिने घरच्यांना संस्थेची कथा सांगितली होती. पन्नासएक वर्षांपूर्वी एका सीमेवर माणसांचे लोंढे येत होते, तेव्हा एक डॉक्टर, काही नर्सा आणि स्वतःचा ट्रक घेऊन आलेला एक ड्रायव्हर एवढ्यांनी ती सुरू केली. ड्रायव्हर मनाचा चांगला. एकदा वाटेत चहाला थांबला आणि चहावाल्याला सांगून बसला, उद्या आमची माणसं इथूनच जातील, लेकरं आहेत, दूध जास्त ठेव. दुसऱ्या दिवशी दूध होतं, चहावाला होता, आणि टपरीमागे बंदुका घेऊन दुसरेही लोक होते. त्या ट्रकमधली किती माणसं पुढे पोचली ते काजलने सांगितलं नाही आणि विचारायची छाती कोणाची झाली नाही.

तेव्हापासून 'सोबत'मध्ये 'कुठे' हा शब्द नाही. नवरा बायकोला विचारत नाही, साहेब शिपायाला विचारत नाही. कोणी निघालं की एवढंच विचारायचं, जेवलात का? आणि जो वाट सांगेल त्याने पुढच्या गाडीने घरी जायचं. संस्थेत कोणी कितीही मोठा असो, याला अपवाद नाही.

ममताच्या सासूला, कौसाबाईला, ही रीत फार पटली. "निंघता मानूसले कोठे म्हनी इचारू नही, हाई आम्ही पह्यलेपासून सांगतस," असं म्हणून तिने नातीच्या ताटात आणखी एक पुरणाचा मांडा सरकवला. पण कौसाबाईचं सांगणं तिच्या घरातच कोणी ऐकत नव्हतं, गावाची तर गोष्टच सोडा. आपल्याकडे माणूस लोटा घेऊन निघाला तरी समोरचा विचारतो, कोठे चालना? त्याला उत्तर दिलं नाही तर घमेंड आली म्हणतात. अशा गावच्या पोरीने न सांगायचं व्रत घेतलं होतं.

ते व्रत पहिल्यांदा मोडायला लावलं ते ममतानेच. कणीक मळता मळता ती काजलला म्हणाली होती, "तू वाट नही सांगशी ते मन्हा जीवले घोर लागी. माले झोप येवाव नही." मग गॅसच्या ओट्यावर सांडलेल्या पिठात काजलने बोटाने तीन रेघा ओढल्या. ही डोंगराची वाट, हिला म्हणायचं मोलगी. ही नदीकाठची, ही प्रकाशा. आणि ही हद्दीवरची चौकी, जिच्यापलीकडे लढाई नाही, ती खापर. गुजरातच्या हद्दीवर जसं आपलं खापर. "फक्त तुले आन माले," ती म्हणाली, "पप्पाले सुद्धा नही." आणि हाताने पीठ पुसून टाकलं.

आणि पप्पाला सांगितलं ते ममतानेच. टीव्हीवर त्या देशाची जळती घरं दाखवायला लागले तेव्हा योगेंद्र ताटावरून उठायला लागला. पाण्याच्या पाळीला जायचा तो मोटर सुरू न करताच परत यायचा. नवऱ्याचं ते तोंड तिला बघवेना. एका सकाळी चहा देताना तिने त्याला तीन रेघांचा अर्थ सांगितला, आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला. आपण काही वाईट केलं असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं.

ट्रक भरून गेला. दुपार कलल्यावर ममता चहापत्ती घ्यायला अभिनंदनच्या दुकानात गेली. अभिनंदनच्या पणज्याने राजस्थानातून येऊन प्रकाशात दुकान टाकलं, त्यामुळे तो गावातल्या निम्म्या लोकांपेक्षा जुना प्रकाशेकर होता आणि अहिराणी त्यांच्यापेक्षा चोख बोलायचा. गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुपही तोच सांभाळायचा. ममताला बघून तो तराजूमागून हसला.

"भाभी, तुमनी मोलगी आज समजनी आम्हले."

ममताच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "काय समजनं?"

"काजलनी मोलगी. दादानी सांगं ना ग्रुपवर. सगळा गाव हात जोडी ऱ्हायना तुमनी पोरले."

त्याने कौतुकानेच फोन तिच्यासमोर धरला, आणि ममताने उभ्या उभ्या ते सगळं बघितलं. झालं होतं असं. ती बांधावरून उठून पाणी प्यायला गेली तेव्हा फोन शेतातल्या खाटेवर राहिला होता. योगेंद्रने निरोप ऐकला, त्याची छाती भरून आली, आणि त्याने तो आधी स्वतःच्या फोनवर आणि तिथून गावाच्या ग्रुपवर टाकला. पोरीचा आवाज गावाने ऐकावा, एवढंच त्याच्या मनात होतं. नुसता निरोप गेला असता तरी काही बिघडलं नसतं. मोलगी ती मोलगी, खापर ते खापर. पण गाव ते गाव.

पहिला बोलला रूपसिंग. "अरे, काल मी मोलगीना बाजारमा व्हतू, माले ते नही दिसनी." मग दुसरा, "परदेश परदेश करेत, आन पोर शे मोलगीले." तिसऱ्याने लिहिलं की संस्थेने काढून टाकलं असेल, परत जुन्या दवाखान्यात आली असेल, बापाला सांगायची लाज वाटत असेल. त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली होती.

आणि त्याखाली योगेंद्रचा आवाज. अभिनंदनने तो लावला. रागाने थरथरता, ममताला पुरता ओळखीचा.

"दात काढनारा सगळा कान दीसन ऐका. ती आपली मोलगी नही. मोलगी म्हंजे तठली डोंगरनी वाट. खापर म्हंजे हद्दवरनी चौकी. मन्ही पोर परवा बायापोरेस्न्या चार गाड्या लीसन तठून जाई ऱ्हायनी. जीववर उदार व्हईसन. आन तुम्ही आठे बठीसन हसतस."

पोर कोणाची, दिवस, गाड्या, वाट. काही राहिलं नव्हतं. ममता गुळाच्या ढेपांशेजारच्या पोत्यावर बसली.

"अभिनंदनभाऊ, हाई पुसी टाक. आत्तेच पुसी टाक."

तिचा चेहरा बघून त्याने कारण विचारलं नाही. ग्रुप सांभाळणाऱ्याला दुसऱ्याचं लिहिलेलंही पुसता येतं. त्याने निरोप पुसला, योगेंद्रचा आवाज पुसला. मग त्याचं बोट थांबलं. "भाभी, आठलं ते गयं. पन रूपसिंगनी ते पुढे धाडेल शे. त्याले बी वाईट वाटनं व्हई, म्हनी त्यानी माफी मांगीसन परदेशवाला ग्रुपवर टाकं. तठलं मन्हा हातमा नही."

परदेशवाला ग्रुप म्हणजे पोटासाठी देशोदेशी गेलेल्या खान्देशी लोकांचा आणि त्यांच्या घरच्यांचा ग्रुप. कोणी दुबईला, कोणी मस्कतला, कोणी जहाजावर. आणि त्यातला एक, नवापूरकडचा दोधू, त्याच देशात, त्याच शहरात एका हॉटेलात स्वयंपाकी होता. ममताला तो माहीत होता. काजल पहिल्याच महिन्यात खुशीत सांगत होती, "माय, आठे एक अहिराणी बोलनारा भेटना. गेटवर ईसन माले कळण्यानी भाकर दी गया." त्या भाकरीसाठी ममताने त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात किती आशीर्वाद दिले होते. आणि काजलने हेही सांगितलं होतं की दोधूच्या हॉटेलात जेवायला येतात ते दोन्हीकडचे बंदूकवाले.

चहापत्ती तशीच टाकून ती घरी आली. योगेंद्र ओट्यावर बसला होता, मान ताठ, गावाला गप्प केल्याचं समाधान अजून तोंडावर. तिने जे झालं ते सांगितलं. आधी त्याला ते समजलंच नाही.

"तू उगीच घाबरी ऱ्हायनी. त्या मुलूखमा अहिराणी कोनले समजस?"

"दोधूले."

दोधूचं नाव योगेंद्रलाही माहीत होतं. त्याने तोंडावरून हात फिरवला. मघाचं समाधान तोंडावरून कुठल्या कुठे गेलं.

"दोधू असा मानूस नही," तो म्हणाला. "त्यानी भाकर दिन्ही आपली पोरले."

"चहावाला बी वाईट नव्हता," ममता म्हणाली. "त्यानी ते दूधच ठेयेल व्हतं."

दोधू काही करणार नाही, हे तिलाही वाटत होतं. पण दोधू मोठ्याने निरोप ऐकेल. बाजूचा विचारेल, काय रे, कोणाचा आवाज? आणि दोधू अभिमानाने सांगेल, आमच्याकडची पोर. तिला ते अगदी डोळ्यांपुढे दिसत होतं. योगेंद्रने केलं तेच तो करेल. चांगली माणसं जे करतात तेच.

तिने काजलला निरोप धाडला, "मोलगीले जाऊ नको." एकच टिक लागली. फोन केला, तो बंद. वाटेची तयारी सुरू झाली की त्यांचे फोन बंद होतात, हे ती जाणून होती. तरी ती दर थोड्या वेळाने ती टिक बघत राहिली. ती एकाची दोन झाली नाही.

आता उरला एक नंबर. काजलने निघताना देव्हाऱ्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलेला, संस्थेच्या पुण्याच्या कचेरीचा. अगदीच जीवावर बेतलं तरच लावायचा. तो लावायचा म्हणजे सांगावं लागणार की काजलने घरी वाट सांगितली. म्हणजे पोरीने संस्थेचा पहिला नियम मोडला. म्हणजे पुढच्या गाडीने घरी.

"तिन्हं सगळं जाई," योगेंद्र म्हणाला. "तिले ते काम जीवपेक्षा प्यारं शे. ती आपलं तोंड देखाव नही, ममता."

ममता देव्हाऱ्यासमोर उभी राहिली, आणि तिथे तिच्या मनात एक विचार आला. त्याची तिला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली. घरी येईल. म्हणजे इथे येईल. या ओट्यावर, या ताटावर. भीतीच्या खाली कुठेतरी तिला चक्क आनंद झाला. तिने स्वतःला विचारलं, मी हा फोन कशासाठी लावते आहे? त्या गाड्यांतल्या लेकरांसाठी, की माझ्या लेकीला ओढून आणण्यासाठी? उत्तराची वाट न बघताच तिने नंबर लावला.

पलीकडे फाल्गुनी नावाची बाई होती, शांत आवाजाची. ममताने शाळेतली मराठी आठवून आठवून बोलायला सुरुवात केली. "मॅडम, मी काजलची आई बोलते. आमच्याकडून चूक झालेली आहे." पुढचं शाळेच्या मराठीत मावलं नाही. अहिराणी, रडणं, सगळं एकदम बाहेर आलं. फाल्गुनीने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग तिने एकेक विचारलं.

"मोलगी म्हणजे कोणती वाट म्हणाल्या त्या?"

"डोंगरनी. डोंगराची."

"हे किती लोकांपर्यंत गेलं?"

"माहीत नाही, मॅडम."

"तिथे ही भाषा समजणारं कोणी आहे?"

नाव सांगितलं की त्या माणसावर संशय जाणार. परक्या मुलखात संशय म्हणजे काय, ते ममताला कळत नव्हतं असं नाही. त्याने तिच्या पोरीला भाकर दिली होती.

"माणूस चांगला आहे तो," ती म्हणाली.

"कसा आहे ते मी विचारलं नाही," फाल्गुनी म्हणाली. "आहे का, ते विचारलं."

ममताने दोधूचं नाव सांगितलं, हॉटेलाचंही सांगितलं. "मॅडम, काजलले आता परत..."

"नियम तोच आहे. पण आधी मला गाड्यांचं बघू द्या. तुमच्या मुलीचं नंतर." फोन ठेवता ठेवता ती थांबली, आणि त्याच आवाजात तिने विचारलं, "जेवलात का?"

सकाळपासून ममताच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

मग वाट बघणं सुरू झालं. ते कसं असतं ते ज्याने बघितली त्यालाच ठाऊक, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. योगेंद्र ग्रुपमधून बाहेर पडला आणि घरातूनही जवळजवळ बाहेरच राहू लागला. शेतात जाऊन नुसता बांधावर बसायचा. रूपसिंग येऊन ओट्याखाली उभा राहिला, चपला न काढता, आणि तसाच गेला. अभिनंदनने विसरलेली चहापत्ती घरी आणून दिली. कौसाबाईने काही विचारलं नाही. ती आता फक्त देव्हाऱ्यापाशी बसे आणि सुनेच्या फोनकडे देवाकडे बघावं तशी बघे. परवा उजाडला, ऊन चढलं, उतरलं. खापरहून निरोप आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. ममता तुरीची डाळ निवडायला घेई आणि निवडलेलीच परत निवडत बसे. गल्लीतून कोणी जोरात पळालं तरी ती उठून दारात येई.

फोन आला तो फाल्गुनीचा. ममताने उभ्यानेच घेतला, आणि मग भिंतीला टेकली.

"गाड्या पोचल्या," फाल्गुनी म्हणाली. "दुसऱ्या वाटेने नेल्या. काजल ठीक आहे."

ममताने योगेंद्रकडे बघून मान हलवली, आणि तो तिथेच, दारात, खाली बसला.

"सगळे पोचले ना, मॅडम?"

"एक आजीबाई वाटेत गेल्या. ही वाट फार लांबची होती, पाणी पुरलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते."

"आणि मोलगी... डोंगराच्या वाटेवर? तिथे कोणी होतं का?"

"माहीत नाही," फाल्गुनी म्हणाली. "ज्या वाटेने आपण जात नाही, तिथे काय झालं असतं ते कधी कळत नसतं. मी इथे बरीच वर्षं आहे. ते कळायची वाट बघायची नाही." मग ती म्हणाली, "काजलला परत पाठवायला हवं होतं. पण तिच्या जागी यायला आत्ता कोणी नाही. ती तिथेच राहील."

ममताने बरं म्हटलं. आणि आत कुठेतरी तो देव्हाऱ्यासमोरचा आनंद पाण्यात बुडाल्यासारखा गप्प झाला, त्याचीही तिला लाज वाटली.

काजलचा फोन त्यानंतर आला. ती रागावेल, ओरडेल, याची ममताने तयारी ठेवली होती. काजल ओरडली नाही. ते जास्त वाईट होतं.

"माय, ती म्हातारी गाडीमा मन्हा हात धरीसन बठेल व्हती," काजल म्हणाली. "काय बोले ते माले समजे नही. मी आपलं हूं हूं करू."

"मन्हामुळे व्हयनं."

"तुन्हामुळे, पप्पामुळे, मन्हामुळे. पह्यलं ते मीच सांगं ना. पिठमा रेघा मी काढ्यात." थोडा वेळ नुसतं वारं ऐकू आलं. "दोधूभाऊले आते गेटवर येऊ देतस नही. तो रोज ईसन लांब उभा ऱ्हास, हात हालावस, चालना जास. काब्र ते त्याले कोनी सांगं नही."

"त्यान्हं नाव मी दिधं," ममता म्हणाली.

"माले माहीत शे."

मग काजल जे बोलली ते तिने आधीच ठरवून ठेवलेलं असावं, कारण ते एका दमात आलं. "माय, आते मी तुले वाट सांगाव नही. मोलगी नही, खापर नही. काहीच नही. रोज एकच सांगसू, जेवन व्हयनं म्हनी. तेवढंच."

ममताला म्हणायचं होतं, असं करू नको, मी मरून जाईन. ती म्हणाली, "बरं. तेवढंच सांग."

आणि तेव्हापासून तेवढंच येतं. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी एखादा दिवस मध्ये कोरडा जातो आणि त्या दिवशी ममताच्या हातून भाकरी करपते. दोन शब्द, "जेवन व्हयनं." पहिले काही दिवस ती त्या दोन शब्दांमागे कान लावून बसायची. गाडीचा आवाज आहे का, नदीचा आहे का, वारं डोंगरावरचं आहे का? मग एक दिवस तिने ते बंद केलं. ऐकून ऐकून आपण पुन्हा वाटच शोधतो आहोत, हे तिच्या लक्षात आलं.

चौकात अजून विचारतात. विचारणारच, गाव आहे. "दादा, काजल कोठे शे आते?" योगेंद्र सायकल न थांबवता सांगतो, "जेवनी ती." विचारणाऱ्याला काही कळत नाही, तो आपला मान हलवतो.

परवाची गोष्ट. आदल्या दिवशी निरोप आला नव्हता, त्या दिवशीही दुपार उलटत आली होती. टीव्हीवर पुन्हा त्या देशाचं काहीतरी दाखवत होते, योगेंद्रने तो बंद केला. कौसाबाईने सुनेसमोर ताट आणून ठेवलं. भाकरी, दादर ज्वारीची, आणि वांग्याचं भरीत. ममताने हात लावला नाही. भरीत गार झालं, भाकरीचा पापुद्रा वाळला.

फोन टिणकला.

"जेवन व्हयनं, माय. तुन्हं?"

तुन्हं, असं तिने आजवर कधी विचारलं नव्हतं. ममताचे डोळे भरून आले. तिने फोन तोंडाजवळ धरला, आवाज नीट केला, आणि अगदी सहज म्हणाली, "मन्हं बी व्हयनं, बेटा. कव्हानंच."

निरोप गेला. दोन टिका लागल्या. ममताने फोन खाली ठेवला, आणि समोरच्या न शिवलेल्या ताटाकडे तिची नजर गेली. आपण किती सहज बोललो, तिला वाटलं. जराही अडखळलो नाही. आवाजावरून कोणाला काही कळलं नसतं.

काजल तिचीच लेक होती.

ती कितीतरी वेळ त्या फोनकडे बघत राहिली. मग तिने ताट पुढे ओढलं. दोघींपैकी एकीचा निरोप तरी खरा असावा म्हणून भाकरीचा तुकडा मोडला, आणि तो गार घास बळंच चावायला लागली.